वादळमार्ग नकाशे

वादळ कोठे जन्मले, कसे वळले आणि कोठे विरले, याची आलेखलेली नोंद. भारतीय हवामान खात्याच्या चक्रीवादळ-संग्रहात 1891 पासूनचे मार्ग रेखाटलेले आहेत. अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः मे-जून व ऑक्टोबर-डिसेंबर या काळात उठतात.

नकाशावरची रेघ केवळ केंद्राची असते, हे गोव्याने अनुभवले. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाचे केंद्र किनाऱ्यापासून दूर समुद्रातून उत्तरेकडे सरकले आणि 17 मेच्या रात्री दीवजवळ जमिनीवर चढले. तरीही गोव्यात झाडे उन्मळली, वीज गेली. फोंडा, डिचोलीसारख्या आतल्या तालुक्यांनीही ही रेघ जपून वाचायला हवी.

टोर्नॅडो वेगळा. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नॅडोचा पट्टा बहुधा काहीशे मीटर रुंद, आयुष्य मिनिटांचे. त्यामुळे त्याचा मार्ग पडझडीवरूनच शोधावा लागतो. झाडे एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पसरून पडली, तर ढगातून कोसळलेल्या वाऱ्याचा संशय घ्यावा. अरुंद पट्ट्यात आत वळून एकमेकांवर पडली, तर टोर्नॅडोचा.

अमेरिकेतील मध्यवर्ती मैदाने टोर्नॅडोंसाठी प्रसिद्ध असली, तरी सर्वाधिक बळींचा टोर्नॅडो बांगलादेशातला मानतात: 26 एप्रिल 1989, दौलतपूर-साटुरिया, सुमारे 1,300 मृत्यू.