हरिहरचा कडा आणि व्हिएन्नाची गाठ (धागा)

हरिहर किल्ल्याच्या कोरीव पायऱ्या समाजमाध्यमांवर सर्वांनी पाहिल्या आहेत. निरगुडपाड्याच्या बाजूचा सुमारे १७० मीटरांचा उभा कडा मात्र फारसा कुणी पाहत नाही. १९८६ साली डग स्कॉट यांनी तो प्रथम सर केला. तोच ‘स्कॉटिश कडा’. (स्कॉट नॉटिंगहॅमचे, म्हणजे इंग्रज, आडनावाने देश बदलला!)

अशा कड्यावर दोराला लोंबकळणाऱ्या माणसाने वर कसे सरकावे? व्हिएन्नाचे कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. ते संगीतशिक्षक, पहिल्या महायुद्धात तुटलेल्या तारा जोडताना ही गाठ सुचली, असे सांगितले जाते. बारीक दोरीचा फास मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. भार नसताना गाठ हाताने सरकते, भार येताच दोर आवळून धरते.

१९५८ साली ॲडॉल्फ ज्युसी आणि वॉल्टर मार्टी या स्विस जोडीने हेच काम करणारे धातूचे यंत्र घडवले. दोघांच्या आडनावांतून ‘जुमार’ जन्मला. आपले गिर्यारोहक आजही ‘जुमारिंग’ म्हणतात, पण गाठ मोडीत निघाली नाही. रॅपलिंगमध्ये हात सुटला तर तीच थांबवते. जड ओझे किंवा जखमी माणूस वर ओढताना, हात बदलण्याच्या क्षणी, दोर मागे जाऊ देत नाही.

तिचे सारे बळ घर्षणात आहे, आणि धोकाही तिथेच. फासाची दोरी मुख्य दोराहून बारीक हवी. जाडी सारखी असेल तर पकड बसत नाही. ओल्या वा चिखलाने माखलेल्या दोरावर वेढे वाढवावे लागतात. भाराखाली गाठ वेगाने घसरली, तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळते. रॅपलिंगमध्ये फास इतका लांब नको की गाठ उतरण्याच्या उपकरणाला जाऊन भिडेल. भिडली तर ती आवळतच नाही. गेल्या पावसाळ्यात एका धबधब्यावर मी नेमका असाच लांब फास पाहिला. आयोजकांना सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘आजवर काही झालेले नाही.’ उतरण्यापूर्वी गाठीवर स्वतःचा भार टाकून पाहणे, ही दहा सेकंदांची परीक्षा तिथे कुणीच घेत नव्हते.

१९७७ साली काराकोरममधील ओगर शिखरावरून उतरताना स्कॉट दोरावर झोक्यासारखे फेकले गेले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. असा झोका ही गाठ रोखत नाही. ती केवळ घसरण रोखते. पुढचे कित्येक दिवस ते गुडघ्यांवर रांगत उतरले. हरिहरला आले ते त्यानंतर नऊ वर्षांनी.