आमदारांचा कार्यअहवाल कसा वाचावा?

- विशेष प्रतिनिधी

विधिमंडळाचे अधिवेशन संपले, आमदारकीला वर्ष पूर्ण झाले किंवा निवडणूक जवळ आली, की शहरातील घरोघरी एक पुस्तिका येऊन पडते. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेली छबी आणि आत कामांची लांबलचक यादी. रस्त्याचे काँक्रिटीकरण, गटारांची दुरुस्ती, समाजमंदिर, खुली व्यायामशाळा, उद्यानाचे सुशोभीकरण, नवी जलवाहिनी, उड्डाणपूल, मेट्रोचे स्थानक. प्रत्येक कामापुढे काही लाखांचा किंवा काही कोटींचा आकडा असतो आणि शेवटी सर्वांची बेरीज. हाच तो आमदारांचा ‘कार्यअहवाल’.

लोकप्रतिनिधीने मतदारांना हिशेब द्यावा, ही अपेक्षा लोकशाहीत रास्तच आहे. तथापि या यादीत तीन अगदी वेगळ्या प्रकारची कामे एकाच रांगेत बसविलेली असतात, हे बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही. पहिला प्रकार आमदारांच्या स्थानिक विकास निधीतील कामांचा. दुसरा प्रकार शासन, महापालिका किंवा केंद्राच्या पैशातून झालेल्या आणि आमदारांनी ‘पाठपुरावा’ केलेल्या कामांचा. तिसरा प्रकार सभागृहातील कामकाजाचा, ज्यासाठी आमदार मुळात निवडून दिलेला असतो. पुस्तिकेत सर्वांत कमी जागा बहुधा या तिसऱ्या प्रकारालाच मिळते.

आमदार निधी म्हणजे काय?

‘आमदार स्थानिक विकास कार्यक्रम’ हे योजनेचे अधिकृत नाव. महाराष्ट्रात ती १९८० च्या दशकापासून राबविली जाते, म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार निधीच्याही आधीपासून. निधीची मर्यादा काळानुसार वाढत गेली. मार्च २०२० मध्ये ती वार्षिक २ कोटींवरून ३ कोटी रुपये करण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२२ मध्ये ४ कोटींवरून ५ कोटी रुपये करण्याची.

हा पैसा आमदारांच्या हाती कधीच येत नाही. आमदार कामाची फक्त शिफारस करतात. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जिल्हा नियोजन कार्यालयात तिची छाननी होते. काम नियमात बसत असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता व प्रशासकीय मान्यता, त्यानंतर निविदा आणि कार्यारंभ आदेश असा प्रवास होतो. प्रत्यक्ष काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका किंवा नगरपालिका यांसारखी यंत्रणा करते. मुंबईत अशी अनेक कामे म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळामार्फत होतात.

निधीतून सार्वजनिक उपयोगाची टिकाऊ मालमत्ता उभी राहावी, हे योजनेचे मूळ सूत्र आहे. ‘आमदार निधीतून’ असा फलक लागला तरी पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजेच करदात्यांचा असतो. त्यात आमदारांचा वाटा निवडीचा असतो. कोणत्या गल्लीला प्राधान्य द्यायचे, हा निर्णय त्यांचा. म्हणून निधी किती खर्च झाला यापेक्षा तो कोठे आणि कशासाठी सुचविला गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पाव टक्क्याचा हिशेब

या निधीचा आकार नेमका किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल. विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ अशा एकूण ३६६ जागा धरल्या, तर प्रत्येकी ५ कोटींप्रमाणे वर्षाला १,८३० कोटी रुपये होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे सर्व आमदारांचा मिळून निधी राज्याच्या खर्चाच्या सुमारे पाव टक्का भरतो.

मतदारसंघाच्या पातळीवर पाहू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार. त्या हिशेबाने विधानसभा सदस्याच्या निधीतून एका मतदाराच्या वाट्याला वर्षाला दीडशे रुपयांच्या आसपास रक्कम येते. मुंबईतील ३६ विधानसभा सदस्यांचा एकत्रित निधी १८० कोटी रुपये आणि मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा. इथेही प्रमाण पाव टक्क्याच्या आतच.

उरलेल्या पावणेशंभर टक्क्यांवर आमदारांचे काही चालत नाही, असे मात्र नाही. राज्याच्या अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्या विधानसभेच्या मतदानाशिवाय मंजूर होत नाहीत. त्या चर्चेत कपात सूचना मांडता येतात, एखाद्या खात्याचा पैसा का पडून राहिला हे विचारता येते, पुरवणी मागण्यांना आक्षेप घेता येतो. आमदारांचे खरे सामर्थ्य या मोठ्या हिशेबात आहे आणि त्याविषयी कार्यअहवालात क्वचितच एखादी ओळ सापडते.

‘पाठपुराव्या’ची कामे

पुस्तिकेतील कोट्यवधींची बेरीज मुख्यतः दुसऱ्या प्रकारातून होते. नगरोत्थान महाअभियान, दलित वस्ती सुधार योजना, नगरपालिकांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी मिळणारे अनुदान, ग्रामीण भागात ‘२५१५’ या लेखाशीर्षाच्या नावानेच ओळखली जाणारी मूलभूत सुविधांची योजना, शिवाय २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’सारख्या केंद्र पुरस्कृत योजना. यांतील कामे मंजूर करून घेण्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागतात, हे खरे आहे. चांगला पाठपुरावा करणाऱ्या आमदारामुळे रखडलेले काम मार्गी लागते, हेही नाकारता येणार नाही. परंतु त्याच जलवाहिनीचे श्रेय आमदार, खासदार, महापौर आणि नगरसेवक असे चौघे चार अहवालांत घेतात, तेव्हा खर्चाचा आकडा चार वेळा मोजला जातो आणि काम निकृष्ट निघाले तर जबाबदार कोण, हे मात्र कोणीच सांगत नाही.

येथे शब्दांकडे बारकाईने पाहावे. ‘प्रस्तावित’ म्हणजे केवळ पत्र गेले आहे. ‘मंजूर’ म्हणजे बहुधा प्रशासकीय मान्यता मिळाली आहे, निधी उपलब्ध झाला असेलच असे नाही. ‘अर्थसंकल्पात तरतूद’ ही कधी कधी काम सुरू असल्याचे दाखविण्यापुरती, लाक्षणिकही असते. ‘भूमिपूजन’ हा सोहळा आहे, तो कामाचा टप्पा नव्हे. खऱ्या अर्थाने सुरुवात कार्यारंभ आदेशापासून होते आणि शेवट मोजमाप पुस्तिकेतील नोंद, अंतिम देयक व काम पूर्ण झाल्याचा दाखला यांनी होतो.

काम कोणाच्या अखत्यारीतले?

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. त्यासोबत जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. रस्ते व पूल, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने, दिवाबत्ती हे सारे त्यात येते. म्हणजे आमदारांच्या पुस्तिकेतील बहुतांश कामे मुळात महापालिकेची किंवा नगरपालिकेची आहेत.

महानगरात तर यंत्रणांची गुंतागुंत अधिक. मुंबईतील पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडे होते, ते २०२२ मध्ये महापालिकेकडे आले. रस्ता एकाचा, पदपथ दुसऱ्याचा आणि खालची वाहिनी तिसऱ्याची, अशा स्थितीत नागरिक थेट आमदारांचे कार्यालय गाठतात. त्यातच मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. राज्यातील इतर अनेक शहरांची स्थितीही तीच होती. नगरसेवकच नसल्याने तुंबलेल्या गटाराची तक्रारही आमदारांकडे जाऊ लागली. आमदार हा ‘मोठा नगरसेवक’ आहे ही समजूत या काळात अधिकच घट्ट झाली.

सभागृहातील काम

विधिमंडळाची वर्षातून साधारणपणे तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून नागपुरात. मतदारसंघाचा प्रश्न मांडण्यासाठी सदस्यांच्या हाती अनेक आयुधे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर विधानसभेत नियम १०५ आणि विधान परिषदेत नियम १०१ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते. अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा आणि अशासकीय विधेयक हेही मार्ग आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली की नाही, हे पाहण्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती असते.

या आयुधांचा उपयोग काय होतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मृणाल गोरे यांना मुंबईकर ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखत. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या महापालिकेत आणि रस्त्यावर लढल्या. पुढे आमदार म्हणून त्यांनी गर्भलिंग निदानाच्या विरोधात अशासकीय विधेयक मांडले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावर देशातील पहिला कायदा केला आणि केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. नगरसेविका म्हणून पाणी आणि आमदार म्हणून कायदा, असा दोन पदांतील फरक त्यांच्या कार्यातून स्पष्ट होतो.

दुसरे उदाहरण वि. स. पागे यांचे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांच्या संकल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ चा. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला आणि तो आजही शहरातील नोकरदारांच्या पगारातून कापला जातो. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची प्रेरणा याच योजनेत होती. अशा कामाचे भूमिपूजन होत नाही, पण त्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

निधीवरील आक्षेप

कायदे करणाऱ्यांनीच खर्चाची कामे सुचवावीत का, हा वाद जुना आहे. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना कार्यान्वयन पुनरावलोकन आयोगाने २००२ मध्ये खासदार निधी बंद करण्याची शिफारस केली. वीरप्पा मोईली यांच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये खासदार आणि आमदार असे दोन्ही निधी रद्द करावेत, असे म्हटले. सरकारवर नजर ठेवणारा सदस्य स्वतःच कामे सुचवू लागला तर देखरेख कोण करणार, हा त्यामागचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने मात्र मे २०१० मध्ये खासदार निधी घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. निधी वैध आहे, पण तो आमदाराच्या कामाचा मापदंड ठरू शकत नाही, हे ओळखणे मतदारांच्या हाती आहे.

नागरिकांनी काय पाहावे?

कार्यअहवाल हाती आल्यावर पुढील बाबी तपासता येतील.

* प्रत्येक कामापुढे निधीचा स्रोत लिहिला आहे काय? नसल्यास ते काम आमदार निधीतील आहे असे गृहीत धरू नये.

* कामाचा टप्पा कोणता? प्रस्तावित, मंजूर, सुरू की पूर्ण?

* शासन निर्णयाचा दाखला दिला असल्यास तो शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र संकेतांक असतो.

* सभागृहात कोणते प्रश्न विचारले? प्रश्नांच्या याद्या व कामकाजाचे अहवाल विधिमंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. मुंबईतील आमदारांच्या उपस्थितीचे आणि प्रश्नांचे प्रगतिपुस्तक ‘प्रजा फाउंडेशन’ ही संस्था २०११ पासून प्रसिद्ध करीत आली आहे.

* शंका असल्यास माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये जिल्हा नियोजन कार्यालयाकडे अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अमुक आर्थिक वर्षात आमदारांनी शिफारस केलेल्या कामांची यादी, मंजूर रक्कम, झालेला खर्च व सद्यःस्थिती’ एवढे विचारले तरी पुरते.

गल्लीतील गटार दुरुस्त व्हायलाच हवे. परंतु ते तीन वर्षांत पुन्हा का फुटले, महापालिकेच्या निविदेत काय चुकले आणि शासनाने त्यावर कोणती कारवाई केली, हे सभागृहात उभे राहून विचारण्याचा अधिकार आमदाराला आहे. नव्या गटाराचा फलक लावणे त्यापेक्षा सोपे असते. मतदार केवळ फलक मोजत राहिले, तर पुढच्या पुस्तिकेतही फलकच छापले जातील.