बाटलीतलं पाणी खरंच नळापेक्षा सुरक्षित? नळ, सीलबंद बाटली आणि जार यातला फरक जाणून घ्या

खालापूर / नवी मुंबई : हळद असो, बारसं असो की गावजेवण, मांडवात आता थंड पाण्याचे जार रांगेत उभे असतात. पाहुणा आला की त्याच्या हातात 'बिसलेरी' द्यायची, मग कंपनी कुठलीही असो. नळाचं पाणी पुढे केलं तर कमीपणा, असंही काहींना वाटतं. पण विकतचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा खरंच सुरक्षित असतं का? दरवेळी नाही. पाणी कशात भरलंय यापेक्षा ते कोणी तपासलं आणि तोंडात जाईपर्यंत ते कसं जपलं, यावर सगळं अवलंबून असतं.

नवी मुंबईच्या नळाला खालापूरचं पाणी

नवी मुंबई महापालिकेची मुख्य भिस्त खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणावर आहे. धावरी नदीवरचं हे धरण महापालिकेने २००२ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतलं. पाणी शुद्ध होतं भोकरपाडा केंद्रात. या केंद्राची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटर, म्हणजे ४५ कोटी लिटर आहे.

अशा केंद्रात तुरटीसारखं रसायन टाकून गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन सोडतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. म्हणजे ज्या 'औषधाच्या वासा'ला आपण नाक मुरडतो, तोच पाण्याचा राखणदार आहे.

मग नळाचं पाणी बिघडतं कुठे?

बहुतेक वेळा वाटेत. गटाराजवळून गेलेली फुटकी पाइपलाइन असेल, तर पाणी बंद झाल्यावर रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. सोसायटीची जमिनीखालची टाकी किंवा गावातली झाकण नसलेली टाकी हे दुसरं ठिकाण. पहिल्या पावसात गढूळ पाण्यावर क्लोरीनही नीट काम करत नाही. म्हणून केंद्रात चांगलं असलेलं पाणी घरातही तसंच असेल, असं धरून चालू नये.

सीलबंद बाटली : नियम कडक, पण डोळे मिटून नको

बाटलीबंद पाण्यासाठी आयएस १४५४३ हे वेगळं मानक आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबई भागातल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले होते. त्यानंतर नियम कडक झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय चिन्हाची सक्ती निघाली. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) हे पाणी 'अति जोखमीच्या' खाद्यपदार्थांत घातलं आणि दरवर्षी तपासणी बंधनकारक केली.

प्लास्टिकचा मुद्दाही आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांना तिथल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आढळले. उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं पाणी टाळावं ते याचसाठी.

सर्वांत कच्चा दुवा : सुटा जार

आपल्याकडे खरा घोळ बाटलीपेक्षा जारचा आहे. सील नसलेला, पुन्हा पुन्हा भरला जाणारा थंड पाण्याचा जार म्हणजे 'बाटलीबंद पाणी' नव्हे. त्यावर ना बॅच नंबर असतो, ना तारीख. शिवाय फिल्टर आणि आरओमधून जाताना पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. राखणदारच गेला, की न धुतलेल्या जारमध्ये जंतू वाढायला वेळ लागत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइयां-बारे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराची साथ आली. हातापायातली ताकद जाणारा हा आजार. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या जुलाबानंतर तो काही जणांना होऊ शकतो. त्या वेळी महापालिकेने परिसरातल्या खासगी पाणी प्रकल्पांची तपासणी केली आणि सुमारे ३० प्रकल्पांना सील ठोकलं. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई-कोलाय सापडला. लोक मात्र 'फिल्टरचं पाणी' म्हणून तेच विकत घेत होते.

टीडीएस मीटरला भुलू नका

विक्रेता मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि पाणी शुद्ध असल्याचं सांगतो. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्यात दिसत नाहीत. मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानला जातो. बोअरचं पाणी खारट असेल तर आरओचा उपयोग आहे, पण कमी आकडा म्हणजे जंतू नाहीत असं मुळीच नाही.

काय कराल?

- सीलबंद बाटली घेताना झाकणाचं सील, तारीख, बॅच नंबर आणि १४ आकडी एफएसएसएआय परवाना नंबर पाहा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.
- कार्यक्रमाला जार मागवताना पाणी कुठलं, जार कशाने धुतात आणि तपासणी अहवाल आहे का, हे विचारा.
- गावच्या योजनेत १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर टाकली जाते का, ते ग्रामपंचायतीत विचारा. जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे.
- ग्रामपंचायतीला पाण्यासाठी हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय, याची चौकशी करा. लाल म्हणजे धोका जास्त.
- शंका असेल तर पाणी गाळून खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. तुरटीने गाळ बसतो, पण जंतू मरतात असं धरू नका.
- बाटली किंवा जारबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५.

थोडक्यात, क्लोरीन असलेलं, झाकलेल्या टाकीतलं नळाचं पाणी बिनधास्त प्या. प्रवासात किंवा पुरात सीलबंद बाटली कामाची. पण कुठे भरला याचा पत्ता नसलेला थंडगार जार मांडवात ठेवण्याआधी दोनदा विचार करा.