'हे तुला कोणी सांगितले?' : हदीसशास्त्राची तोंडओळख

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दर शुक्रवारी पहिल्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात एक हदीस लिहायची, असा आमच्या वर्गाचा शिरस्ता आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी मी सर्वांच्या तोंडी असलेले एक वचन लिहिले. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, अशा अर्थाचे. खाली लिहिले, 'हदीस-ए-नबवी'. नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "टीचर, ये हदीस कौनसी किताब में है?"

मला उत्तर देता आले नाही. "बचपन से सुनते आए हैं, बैठ जाओ," असे म्हणून मी तिला खाली बसवले. ती बसली, पण माझ्या मनाला मात्र चुटपुट लागून राहिली. प्रश्न विचारणारे मूल हे वर्गाचे धन असते, असे बी.एड.ला शिकलेली मी. आणि मीच एका मुलीला प्रश्न विचारल्याबद्दल गप्प केले होते! दुसऱ्या दिवशी मी गावातल्या मदरशातल्या मौलाना साहेबांकडे गेले. सगळा प्रकार ऐकून ते म्हणाले, "त्या मुलीला शाबासकी द्या. तिने जो प्रश्न विचारला, त्याच एका प्रश्नातून एक अख्खे शास्त्र उभे राहिले आहे."

त्या शास्त्राची ही तोंडओळख. मी काही आलिमा नाही. शिकता शिकता जे उमगले तेवढेच मराठी वाचकांपुढे ठेवते.

सनद आणि मतन

प्रेषित मुहंमद (स.) यांची उक्ती, कृती आणि त्यांच्यासमोर घडलेल्या गोष्टीला त्यांनी दिलेली मूकसंमती, या सर्वांच्या वृत्तांताला हदीस म्हणतात. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. एक 'मतन' म्हणजे मूळ मजकूर आणि दुसरा 'सनद' म्हणजे तो मजकूर ज्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आला त्या माणसांची साखळी. अमुकने तमुककडून ऐकले, त्याने आपल्या गुरूकडून, गुरूने एका सहाबीकडून आणि सहाबीने प्रेषितांकडून. या साखळीतल्या प्रत्येक माणसाला 'रावी' म्हणतात. मजकूर कितीही सुंदर असला तरी साखळी नसेल, तर हदीसतज्ज्ञ त्याला प्रेषितांचे वचन म्हणून स्वीकारत नाहीत. चांगली गोष्ट असणे वेगळे आणि प्रेषितांनी ती सांगितलेली असणे वेगळे. सारे शास्त्र या एका भेदावर उभे आहे.

आलेली खबर पारखून घ्या, हा आदेश कुरआनातच आहे (सूरह हुजुरात, आयत ६). प्रेषितांच्या नावावर जाणूनबुजून खोटे खपवणाऱ्याचे ठिकाण नरकात आहे, ही ताकीदही इतक्या सहाबांनी सांगितली आहे की ती 'मुतवातिर' म्हणजे निःसंशय मानली जाते.

प्रश्नाची सुरुवात

ही पारख सहाबांच्या काळातच सुरू झाली. घरचे लोक रडल्यामुळे मृताला शिक्षा होते, असा वृत्तांत हजरत इब्न उमर (रजि.) सांगत असत. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कानावर तो आला. त्या म्हणाल्या, ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांची ऐकण्यात किंवा आठवण्यात चूक झाली असावी. मग त्यांनी मूळ प्रसंग सांगितला आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, या कुरआनच्या तत्त्वाकडे बोट दाखवले. पुढच्या विद्वानांनी दोन्ही वृत्तांतांचा मेळ घालण्याचे प्रयत्न केले, ही गोष्ट निराळी. पण सांगणारा प्रामाणिक असला तरी चुकू शकतो, हे सूत्र इथे दिसते.

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना कळले की एक हदीस शाममध्ये राहणाऱ्या अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांनी स्वतः प्रेषितांकडून ऐकली आहे. त्यांनी उंट विकत घेतला, महिनाभर प्रवास केला आणि ती एक हदीस प्रत्यक्ष त्यांच्या तोंडून ऐकली. दुसऱ्याकडून समजलेच होते, मग एवढा आटापिटा कशासाठी? साखळीतली एक कडी कमी व्हावी यासाठी!

इ.स. ६५६ मध्ये हजरत उस्मान (रजि.) शहीद झाले आणि मुसलमानांत यादवी माजली. आपापल्या पक्षाच्या समर्थनार्थ वचने रचली जाऊ लागली. बसऱ्याचे मुहंमद इब्न सीरीन (मृत्यू हि. ११०) सांगतात की पूर्वी लोक सनद विचारत नसत. या फितन्यानंतर मात्र ते सांगणाऱ्याला विचारू लागले की तुमची माणसे कोण, त्यांची नावे सांगा. म्हणजे हे शास्त्र शांततेच्या काळात, निवांत बसून तयार झालेले नाही. विश्वासाला तडा गेला तेव्हा विश्वास वाचवण्यासाठी ते जन्मले.

कागदावर उतरलेली स्मृती

हदीस दोनशे वर्षे केवळ तोंडी होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचा शिष्य हम्माम बिन मुनब्बिह याने आपल्या गुरूकडून ऐकलेल्या सुमारे १३८ हदीसांची एक वही केली होती. ही 'सहीफा' पुढे विस्मृतीत गेली. तिच्या हस्तलिखित प्रती बर्लिन आणि दमास्कस येथे शोधून १९५३ मध्ये ती प्रसिद्ध करणारे संशोधक होते आपल्या हैदराबाद दख्खनचे डॉ. मुहंमद हमीदुल्लाह (१९०८-२००२). इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ.स. ८५५) यांच्या 'मुस्नद'मधला मजकूर आणि ही वही त्यांनी ताडून पाहिली. मधे दीडशेहून अधिक वर्षे गेली होती, तरी आशयात फरक पडला नव्हता.

खलिफा उमर बिन अब्दुल अजीज (कारकीर्द इ.स. ७१७-७२०) यांना जाणकार माणसांबरोबर ज्ञानही मातीत जाईल, अशी भीती वाटली. त्यांनी मदीन्याच्या अबू बक्र बिन हज्म यांना हदीसा लिहून काढण्याचा हुकूम दिला. इमाम जुहरी (मृत्यू इ.स. ७४२) यांनी संकलनाचे मोठे काम केले. नंतर इमाम मालिक (मृत्यू इ.स. ७९५) यांचा 'मुवत्ता' आला आणि तिसऱ्या हिजरी शतकात ते सहा ग्रंथ, ज्यांना आपण 'सिहाह सित्ता' म्हणतो. बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्न माजा हे त्यांचे संकलक.

इमाम बुखारी (इ.स. ८१०-८७०) यांनी सहा लाख हदीसांतून निवड करून आपला ग्रंथ सोळा वर्षांत पुरा केला, असे सांगितले जाते. त्यात पुनरुक्ती धरून सात हजारांवर हदीसा आहेत. मग बाकीच्या सगळ्या खोट्या होत्या काय? तसे नाही. हदीसतज्ज्ञ सनदा मोजतात. एकच वचन वीस वेगवेगळ्या साखळ्यांनी आले, तर त्यांच्या हिशेबी त्या वीस हदीसा होतात. शिवाय ग्रंथ फार मोठा होऊ नये म्हणून कितीतरी अस्सल हदीसा बाहेर ठेवल्याचे बुखारींनीच सांगितले आहे.

माणसे तपासण्याचे शास्त्र

हदीस 'सही' ठरायला पाच अटी आहेत. साखळी कुठेही तुटलेली नसावी. प्रत्येक रावी सचोटीचा असावा. त्याची स्मरणशक्ती किंवा लेखी नोंद भरवशाची असावी. त्याचे कथन अधिक विश्वासू माणसांच्या कथनाविरुद्ध नसावे आणि त्यात एखादा लपलेला दोष नसावा. रावीची स्मृती थोडी उणी असेल तर हदीस 'हसन', अटी पुऱ्या होत नसतील तर 'जईफ' म्हणजे दुर्बल आणि रचलेली असेल तर 'मौजू'.

या तपासणीसाठी 'अस्माउर्रिजाल' हे चरित्रशास्त्र तयार झाले. रावी कधी जन्मला, कुठे राहिला, कोणाला भेटला, म्हातारपणी विसरू लागला होता का, या सगळ्याची नोंद. इजिप्तचे काजी इब्न लहीआ यांची पुस्तके जळाली आणि त्यानंतर त्यांच्या सांगण्यात चुका होऊ लागल्या, म्हणून त्यांच्याकडून आधी ऐकणारे कोण आणि नंतर ऐकणारे कोण, हेही वेगळे काढले गेले. बुखारींचे गुरू अली इब्नुल मदीनी यांना लोकांनी त्यांच्या वडिलांविषयी विचारले. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि सांगितले, हा दीनचा प्रश्न आहे, माझे वडील दुर्बल रावी आहेत. मुलाच्या तोंडून वडिलांविषयी असे उद्गार निघणे किती जड गेले असेल!

खोट्या हदीसा रचणारे सगळे दुष्ट होते असेही नाही. अब्बासी खलिफा महदीला कबुतरांचा शौक होता. शर्यतीविषयीच्या एका हदीसमध्ये गियास नावाच्या माणसाने खलिफाला खूश करण्यासाठी पक्ष्याचा शब्द घुसडला. खलिफाने बक्षीस दिले, पण तो जाताच हा खोटारडा आहे असे म्हणून कबुतरेच कापायला लावली. हा झाला लोभी माणूस. उलट, नूह बिन अबी मरियम या विद्वानाने कुरआनच्या एकेका सूरहच्या फजीलतीच्या हदीसा रचल्या. कारण काय, तर लोक कुरआनकडे दुर्लक्ष करू लागले होते! हदीसतज्ज्ञांनी हा सद्हेतू मान्य केला नाही. खोट्याने खऱ्याची सेवा होत नाही, ही त्यांची भूमिका.

आमच्या भगिनी, आमचा मुलूख

या शास्त्रात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मक्केत राहणाऱ्या करीमा मर्वजिया या पाचव्या हिजरी शतकात 'सही बुखारी'च्या मान्यवर शिक्षिका होत्या. खतीब बगदादींसारख्या इतिहासकाराने त्यांच्यासमोर बसून तो ग्रंथ वाचला. इमाम जहबी (मृत्यू इ.स. १३४८) यांनी दुर्बल रावींचा मोठा कोश लिहिला. त्यात ते नमूद करतात की खोटे रचल्याचा आरोप झालेली एकही स्त्री आपल्याला आढळली नाही.

आणि हे सारे दूर अरबस्तानातच घडले असे समजू नये. शेख अली मुत्तकी (मृत्यू इ.स. १५६७) यांचा जन्म बुऱ्हाणपूरचा. हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी तेव्हा खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. त्यांच्या 'कन्जुल उम्माल'मध्ये ४६ हजारांवर हदीसा विषयवार लावलेल्या आहेत. मक्केत त्यांच्याजवळ शिकलेले गुजरातचे मुहंमद ताहिर पटनी (मृत्यू इ.स. १५७८) यांनी मौजू हदीसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे १८८८ मध्ये हैदराबादेत 'दाइरतुल मआरिफ' ही संस्था निघाली. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. इब्न हजर अस्कलानी (मृत्यू इ.स. १४४९) यांचा बारा खंडांचा रावीकोश 'तहजीबुत्तहजीब' आणि खुद्द बुखारींचा 'अत्तारीखुल कबीर' या संस्थेने छापला. जगभरच्या अभ्यासकांनी हे ग्रंथ दख्खनच्या छापखान्यातून घेतले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

या शास्त्रावर आक्षेपही घेतले गेले. सनदा मागाहून जोडल्या गेल्या, असा दावा जोसेफ शाख्त यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात केला. त्याचा सविस्तर प्रतिवाद उत्तर प्रदेशातल्या मऊचे डॉ. मुस्तफा आजमी (मृत्यू २०१७) यांनी केला. हा वाद विद्वानांत अजून चालू आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही. ज्या शास्त्राचा जन्मच प्रश्नातून झाला, त्याला प्रश्नाचे भय कसले?

पुन्हा फळ्याकडे

तर त्या चीनच्या वचनाचे काय झाले? मौलाना साहेबांनी किताबे काढून दाखवली. त्याच्या साखळीत अबू आतिका नावाचा रावी आहे. इमाम बुखारींनी त्याला अत्यंत दुर्बल ठरवले आहे. इब्न हिब्बान यांनी हे वचन निराधार म्हटले आणि इब्न जौजी (मृत्यू इ.स. १२०१) यांनी ते मौजू हदीसांच्या संग्रहात घातले. मात्र ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, ही हदीस इब्न माजामध्ये आहे. तिची एकेक साखळी दुर्बल असली तरी अनेक साखळ्या एकमेकींना आधार देतात म्हणून इमाम मिज्जी यांनी तिला 'हसन'च्या दर्जाची मानले.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गात उभी राहिले आणि म्हटले, "पिछले जुमे को मैंने जो लिखा था, वो हदीस साबित नहीं है. गलती मेरी थी." वर्ग शांत झाला. शिक्षक चूक कबूल करतात हे मुलांना नवे होते. मग मी नवी हदीस लिहिली आणि तिच्याखाली ग्रंथाचे नाव आणि सहाबीचे नावही लिहिले. तेव्हापासून आमच्या फळ्यावर या दोन नावांशिवाय हदीस येत नाही. आता ती शोधून आणण्याचे काम मुलेच करतात.

आज मोबाईलवर रोज 'हदीस' येतात. पुढे पाठवा, नाहीतर अमुक होईल, अशी धमकीही सोबत असते. सांगणारा कोण, ग्रंथ कोणता, काही पत्ता नसतो. आपणही सवाब म्हणून ते पुढे ढकलतो. एका उंटावर महिनाभर प्रवास करणारे जाबिर (रजि.) आठवावेत आणि बोट क्षणभर थांबवावे. आणि आपल्या घरातले एखादे मूल विचारू लागले की हे कोणत्या किताबेत आहे, तर त्याला बेअदब म्हणू नये. बारा-तेराशे वर्षांच्या परंपरेचा पहिला धडा ते आपण होऊन गिरवत असते. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि दोघांनी मिळून शोधावे.