परदेशी गुरु आणि पुण्याचें मैदान

महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं सॅव्हॉय प्रांतांतील डी बॉयन यास पदरीं ठेवून त्याजकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या. १७९५ सालीं तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागीं आलेला पेरन १८०३ च्या सप्टेंबरांत इंग्रजांच्या आश्रयास गेला. तरीहि त्याच नोव्हेंबरांत लासवारीच्या रणांगणीं, यूरोपीय अंमलदार सोडून गेले असतांहि, त्या पलटणी अशा निकरानें लढल्या कीं, शत्रूनेंहि त्यांची वाखाणणी केली. गुरु गेला, पण पलटण उरली होती. म्हणून विद्याहि उरली.

ही जुनी गोष्ट आठवण्याचें कारण पुण्यांतील अगदीं अलीकडची एक घटना होय. २०१४ सालीं इंडियन सुपर लीगसाठीं एफ्‌. सी. पुणे सिटी हा फुटबॉल-संघ निघाला. बालेवाडी हें त्याचें मैदान. इटालीचा फ्रँको कोलोंबा, इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट व स्पेनचा अँटोनियो हबास असे तीन हंगामांत तीन शिक्षक झाले. पण उपांत्य फेरी कांहीं दिसली नाहीं. २०१७ सालीं जपान, स्पेन व थायलंड येथील संघांस शिकवून आलेला सर्बियाचा राङ्को पोपोविच पुण्यास आला. त्याच्या हाताखालीं संघ चवथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरींत शिरला. पुण्याचा सामना बिनगोल सुटला. बंगळुरास मात्र सुनील छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले व पुणें ३-१ असें हरलें.

येथून खरी इमारत उभारावयाची; पण हंगाम संपतांच पोपोविच गेला. त्याच्या मागून आलेल्या स्पेनच्या मिगेल आंखेल पोर्तुगाल यास २०१८ च्या ऑक्टोबरांतच निरोप मिळाला. पुढें इंग्लंडचा फिल ब्राउन आला. पांच हंगामांत सहा परदेशी शिक्षक! २०१९ सालीं तर संघच मोडला. त्याची जागा हैदराबादेस गेली व गडी इतर नगरींच्या संघांत पांगले.

परमुलखांत शिकविणाऱ्याची नोकरी अल्पकाळाचीच असावयाची. त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. त्याची विद्या जतन करणें हें यजमानाचें काम. जपानांत माचिदा शहराच्या संघास पोपोविचनें २०११ सालीं शिकविलें होतें. त्याच संघानें २०२० सालीं त्यास पुन्हां सन्मानानें बोलाविलें. तेथें नऊ वर्षांनींहि दार उघडें होतें. पुण्यास मात्र तो परत आला असता, तरी त्याला ओळखणारा संघ येथें उरला नव्हता.