होळ ते होळकर

आडनावाच्या अखेरीस येणारा ‘कर’ हा प्रत्यय बहुधा मूळ गावाची खूण सांगतो. होळ हे पुणे जिल्ह्यातील नीरेकाठचे लहानसे गाव. मल्हाररावांचा जन्म १६९३ सालचा. बालपणीच पितृछत्र हरपल्याने ते खानदेशात तळोदे येथे मामांकडे वाढले. होळ सुटले; ‘होळकर’ मात्र कायम राहिले.

पुढे पेशव्यांच्या सैन्यात पराक्रम गाजवून त्यांनी माळव्यात सत्ता स्थापिली आणि नीरेकाठचे हे नाव नर्मदेपार पोहोचले. महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ येथे मंदिरे उभारली. त्यांच्यामुळे ते भारतभर आदराने उच्चारले जाऊ लागले. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, नाव उरले. इंदुरातील विज्ञान महाविद्यालय व क्रिकेटचे मैदान आज तेच नाव धारण करतात. गावाचे आडनाव झाले आणि आडनावावरून पुन्हा स्थळे ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या कित्येक ‘कर’ मुलामुलींनी आपले मूळ गाव पाहिलेले नसते. हजेरीच्या वेळी मात्र ते रोज उच्चारले जाते. त्या गावाची हकीकत वडीलधाऱ्यांकडून वेळीच ऐकून ठेवावी. सांगणारे गेले, की आडनाव उरते आणि गाव हरवते.