अमेरिकेच्या प्रारंभिक इतिहासाचे अध्यापन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साधारणतः सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जाणारा विषय. राष्ट्रीय अभ्यासक्रम नसल्याने आशय व इयत्ता घटकराज्ये ठरवितात. मूळ रहिवाशांचे समाज, जेम्सटाउन (१६०७) व प्लिमथ (१६२०) या वसाहती, गुलामगिरी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा (१७७६) आणि संविधान (१७८७) हे त्यातील प्रमुख घटक होत. अध्यापनात मूळ साधनांच्या चिकित्सेला महत्त्व असते. उदा., बॉस्टन हत्याकांडाचे (१७७०; ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेला गोळीबार) तेथील रौप्यकार पॉल रिव्हिअरने प्रसृत केलेले उत्कीर्ण चित्र व त्या सैनिकांचा अधिकारी कॅप्टन टॉमस प्रेस्टन याचे निवेदन विद्यार्थी ताडून पाहतात. चित्रात प्रेस्टन गोळीबाराचा हुकूम देताना दिसतो. निवेदनात तो हे नाकारतो. २०२२ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात अमेरिकेच्या इतिहास या विषयात आठवीचे सु. १३ टक्केच विद्यार्थी प्रावीण्यपातळी गाठू शकले.